विणून झालं? मग दाखवा! चौकोन, टोप्या आणि बाकीच्या विणकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातल्या वीसेक जणी (आणि दोघे जण) दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणा ना कुणाच्या घरी जमतो. चहा होतो आणि मग महिन्याभरात ज्याचं जे विणून झालं असेल ते पिशवीतून बाहेर निघतं. स्वेटर, मोजे, नातवंडांची टोपरी असतातच, पण सगळ्यात जास्त असतात जोडून ब्लँकेट करायचे चौकोन आणि गरजूंना वाटायच्या टोप्या. नवीन येणारी प्रत्येक व्यक्ती तेच ते प्रश्न विचारते आणि उत्तर देता देता माझी टाक्यांची मोजणी चुकते. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

शेवटचा टाका बंद केला की वस्तू पुरी झाली ना?

नाही. टोकं लपवली, शिवण घातली, धुऊन सुकवली, की पुरी झाली. "फक्त बाह्या जोडायच्या राहिल्यात" असं म्हणत आमच्यातल्या काही स्वेटरांनी दोन-दोन हिवाळे पिशवीतच काढले आहेत, त्यात एक माझाही आहे.

टोकांबद्दल मात्र मी हट्टी आहे. धागा कापताना निदान १५ सेंमी टोक ठेवा. ते बोथट सुईने मागच्या बाजूच्या टाक्यांतून आधी एका दिशेला ओवा, मग वळून उलट दिशेला ओवा. नुसती गाठ मारून वर कापलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. मोठ्या माणसाच्या मफलरीत ते फक्त वाईट दिसतं. बाळाच्या कपड्यात मात्र सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो. बाळ रडत राहतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बाळाची टोपी किंवा मोजे हातात आले की आम्ही आधी ते उलटे करून आतली बाजू बघतो, सुलटी बाजू नंतर.

मी नवशिकी आहे. सगळ्या सुलट ओळींचा एक चौकोन विणलाय. तो काय दाखवायचा?

तोच दाखवा. नुसत्या सुलट ओळींचं विणकाम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, कडांना गुंडाळत नाही आणि ऊब धरून ठेवतं. ब्लँकेटला त्याहून चांगलं काही नाही. जाळीचं नक्षीकाम दिसायला सुंदर असतं, पण रात्री त्याच भोकांतून गार वारा आत येतो.

वस्तू दाखवताना सोबत काय सांगायचं?

लोकर कुठली, सुईचा नंबर काय, टाके किती घातले आणि वजन किती भरलं. पहिल्या तीन गोष्टी सगळे सांगतात, वजन सगळे विसरतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वस्तू ठेवायला दहा सेकंद लागतात, पण पुढच्या माणसाचा जीव वाचतो. घरात ६० ग्रॅम लोकर उरलेली असेल तर त्यात मोठ्या माणसाची टोपी होईल की शेवटच्या चार ओळींना दुकानात पळावं लागेल, हे तुमच्या त्या एका आकड्यावरून कळतं. (आणि दुकानात गेलं की तो रंग संपलेला असतो. किंवा रंग मिळतो, पण घाणा, म्हणजे रंगवण्याची खेप, वेगळा असतो आणि टोपीच्या शेंड्यावर वेगळ्याच छटेचं टक्कल दिसतं.)

चूक झाली असेल तर तीही सांगा. बैठकीत जास्त शिकायला मिळतं ते त्यातूनच. एकीने तिच्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा चार सेंमी लांब कशी झाली ते सांगितलं. पहिली बाही तिने घरी निवांत बसून विणली होती आणि दुसरी नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकड्यावर. ओळी दोन्हींत तेवढ्याच होत्या. काळजीत हात घट्ट चालला आणि बाही आखूड झाली. तेव्हापासून आमच्यापैकी बऱ्याच जणी बाह्या एकाच वेळी, एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी विणतात.

चौकोन २० सेंमीचाच का?

जोडता यावा म्हणून. दुसरं काही कारण नाही. २० सेंमी म्हणजे जवळपास ८ इंच. दक्षिण आफ्रिकेतल्या अनाथ आणि गरजू मुलांसाठी जगभरातून चौकोन गोळा करणारा 'निट-अ-स्क्वेअर' हा उपक्रमही ८ इंचांचंच माप मागतो आणि ३५ चौकोनांचं एक ब्लँकेट करतो. आमचा हिशोबही तोच आहे. पाच आडवे, सात उभे. होतं १०० बाय १४० सेंमी, दहा वर्षांच्या मुलाला पुरेल एवढं.

एका चौकोनाला डबल निट, म्हणजे मध्यम जाडीची लोकर साधारण २० ते २५ ग्रॅम लागते. म्हणजे ५० ग्रॅमच्या गुंड्यात दोन चौकोन निघतात, आणि सैल हात असेल तर दुसरा थोडक्यात हुकतो. ८ नंबरच्या (४ मिलिमीटरच्या) सुईवर ४२ ते ४४ टाक्यांनी सुरुवात करा, पण आकड्यावर विसंबू नका. दहा ओळी झाल्या की पट्टी लावा. १८ सेंमी भरतंय असं दिसलं तर तिथेच उसवा. पुढे आपोआप रुंद होईल अशी आशा आम्ही सगळ्यांनी करून पाहिली आहे.

माझा चौकोन चौकोनी होतच नाही. एक बाजू लांबते.

हा आमचा सगळ्यात जुना प्रश्न. दोन कारणं असतात. एक म्हणजे ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी नकळत टाका वाढतो. बहुतेक वेळा धागा सुईच्या वरून मागे टाकला जातो, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाके समजून विणले जातात. ओळ सुरू करताना धागा खालून मागे न्या. दुसरं कारण, उंची किती झाली ते नजरेने ठरवलं जातं. विणकाम टेबलावर सपाट ठेवा, ओढू नका, मग मोजा. सुईवर लटकत असताना मोजलं तर ते स्वतःच्या वजनाने लांबलेलं असतं.

आणि याहून सोपा उपाय म्हणजे कोपऱ्यातून विणणे. तीन टाके घाला. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, मग एक टाका वाढवा, बाकी सगळे सुलट. विणकाम त्रिकोणासारखं पसरत जातं. त्रिकोणाची बाजूची कड २० सेंमी झाली की उलटा प्रवास सुरू करा. प्रत्येक ओळीत पहिला सुलट, मग दोनांचा एक (दोन टाके एकत्र विणायचे), बाकी सुलट. तीन टाके उरले की बंद करा. हात घट्ट असो की सैल, सुई कुठलीही असो, माप बरोबर येतं, कारण तुम्ही टाके मोजत नाही, कड मोजता.

या पद्धतीचा अजून एक फायदा आहे. उरलेला गुंडा किती मोठ्या चौकोनाला पुरेल याचा अंदाज नसेल तर गुंडा आधी वजन करा. निम्मं वजन संपलं की टाके कमी करायला लागा. शेवटच्या टाक्याला लोकर कमी पडत नाही. चौकोन १५ सेंमीचा झाला तर तसे बाकीचेही असतात, त्यांची वेगळी रास आहे.

क्रोशाचे चौकोन चालतील?

चालतील, धावतील. फक्त नुसत्या खांबांचे आणि साखळ्यांचे जाळीदार नकोत. मुका खांब किंवा अर्धा खांब घाला. क्रोशाचं विणकाम जास्त लोकर खातं आणि जाड होतं, म्हणून आम्ही सुयांचे आणि क्रोशाचे चौकोन एका ब्लँकेटमध्ये मिसळत नाही. धुतल्यावर दोघांचे स्वभाव वेगळे निघतात.

भारतात क्रोशाच्या चौकोनांचं सगळ्यात मोठं काम चेन्नईत झालंय. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट मांडून गिनीजमध्ये नोंद केली. देशभरातल्या आणि परदेशातल्या बायकांनी घरी बसून आपापला चौकोन विणून पाठवला होता. मला त्या विक्रमापेक्षा एवढे चौकोन एका मापात बसवणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. ३५ चौकोन एका मापाचे मिळवताना आमची वाट लागते.

चौकोन जोडतं कोण?

हा प्रश्न कमी जण विचारतात, त्याचंच दुःख आहे. चौकोन विणायला सगळे असतात, जोडायला चौघी. ३५ चौकोनांच्या एका ब्लँकेटमध्ये ५८ जोड येतात, म्हणजे साडेअकरा मीटरपेक्षा जास्त शिवण. आपल्या आज्या गोधडीला बसत तसं दोन-तीन जणींनी जमिनीवर बसून करायचं काम आहे हे, एकटीने केलं तर पाठ जाते.

आधी चौकोन जमिनीवर मांडून रंग बघा. मग आडव्या पट्ट्या जोडा, शेवटी पट्ट्या एकमेकींना. उलट बाजूने काठावरचे टाके एकास एक घेत हात शिलाई घालतो, फार घट्ट ओढत नाही, नाहीतर शिवणीची दोरी होते. चौकोन करणाऱ्यांना एवढीच विनंती: शेवटी टाके बंद केल्यावर अर्धा मीटर शेपूट ठेवून कापा. जोडायला तीच लोकर वापरता येते आणि लपवायचं एक टोकही वाचतं.

लोकर कुठली घ्यायची?

दुकानात आपण 'लोकर' म्हणून मागतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच, ॲक्रिलिक असते. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडला जे गुंडे दिसतात त्यांच्यावर लुधियानाच्या गिरण्यांची नावं असतात, वर्धमान, ओसवाल वगैरे. लेबल वाचा. शंका असेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि टणक मणी उरतो.

वाटायच्या वस्तूंना आम्ही ॲक्रिलिकच वापरतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्या घरी ती वस्तू जाते तिथे ती बादलीत इतर कपड्यांबरोबर धुतली जाणार आहे. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. 'थंड पाण्यात, सौम्य साबणाने, सावलीत' ही चिठ्ठी वाचायला कुणाला वेळ नसतो. ॲक्रिलिकचे दोन अवगुण मात्र लक्षात ठेवा. ते विस्तवाजवळ वितळतं, म्हणून चुलीशी किंवा शेकोटीशी बसणाऱ्यांना तसं सांगायला हवं. आणि त्यावर गरम इस्त्री टेकवली की ते कायमचं लुळं पडतं. आमच्या एका मैत्रिणीने १२ चौकोन छान सपाट व्हावेत म्हणून दाबून इस्त्री केली. सपाट झालेच, पण इतके की वाळत घातलेल्या पापडासारखे.

बाजारात शंभर-दीडशे रुपयांत टोपी मिळते. मग विणायची कशाला? पैसेच देऊन टाका.

हा प्रश्न बहुतेक वेळा कुणाचे तरी यजमान विचारतात, आणि प्रश्न चुकीचा नाही. काही वेळा पैसे देणंच योग्य असतं, आणि आम्ही देतोही. शाळेतल्या ६० मुलांना पुढच्या आठवड्यात सारखे स्वेटर हवे असतील तर आम्ही विणायला घेत नाही, वर्गणी काढतो.

विणण्यात अर्थ आहे तो जिथे बाजारात हवं ते मिळत नाही तिथे. दीड किलोच्या बाळाची टोपी रस्त्यावरच्या दुकानात मिळत नाही. केस गेलेल्या डोक्याला न टोचणारी, शिवण नसलेली सुती टोपी मिळाली तरी नशीब. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही विणायचं असतं. घरच्यांना किती स्वेटर घालायला लावणार? पुण्यात थंडी असते दोन महिने, आणि माझ्या मुलाने 'आई, बास' असं सातव्या स्वेटरला म्हटलं.

नवजात बाळांच्या टोप्या कशा विणायच्या?

आधी विचारून. ही अक्कल आम्हाला उशिरा आली. काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने ४० टोप्या विणून एका हॉस्पिटलात नेल्या. तिथल्या सिस्टरनी एक टोपी आपल्या मुठीवर चढवली. मूठ आत हरवली. "ताई, आमची बाळं एवढी असतात," असं म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी मोसंब्याएवढा आकार करून दाखवला. चाळीसच्या चाळीस टोप्या परत आणल्या. पुढच्या वर्षी अंगणवाडीतल्या मुलांना त्या बरोबर बसल्या, ती गोष्ट वेगळी.

मोसंबं ही अतिशयोक्ती नव्हे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो, अडीच किलोच्या बाळाचा ३२-३३, आणि दीड किलोच्या आसपास असलेल्या बाळाचा जेमतेम २८. टोपी घेरापेक्षा दोन-तीन सेंमी लहान विणायची, म्हणजे ताणून नीट बसते. सैल टोपी डोळ्यांवर किंवा नाकावर घसरते.

एवढ्या लहान बाळांना टोपीची खरी गरज असते, कारण शरीराच्या मानाने त्यांचं डोकं फार मोठं असतं आणि तिथून उष्णता भराभर जाते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवायची 'कांगारू' पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये सुरू झाली आणि आता आपल्या सरकारी रुग्णालयांतही वापरतात. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि डोक्यावर टोपी एवढंच असतं. घरी गेल्यावर झोपलेल्या बाळाला टोपी घालावी की नाही, हे बाळाच्या डॉक्टरांना विचारायचं. अति ऊबही बाळाला बाधते. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी आम्ही ब्लँकेट मात्र देत नाही. झोपेत ते तोंडावर येऊ शकतं.

पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आमची नेहमीची टोपी अशी. डबल निट जाडी, ८ नंबर सुई, ७२ टाके. (दोन सुयांवर सपाट विणणार असाल तर शिवणीसाठी ७४.) ३ सेंमी दोन सुलट-दोन उलटची पट्टी, मग सुरुवातीपासून ९ सेंमी होईपर्यंत साधं विणकाम. मग शेंडा: ७ सुलट, दोनांचा एक, असं ओळभर. पुढची ओळ साधी. मग ६ सुलट, दोनांचा एक. असं करत करत ८ टाके उरले की धागा सुईत ओवून टाक्यांतून दोनदा फिरवा, घट्ट ओढा, आतून पक्का करा. छोट्या बाळांसाठी ६४ किंवा ५६ टाके आणि पातळ लोकर. शेंडा ६४ टाक्यांना ६ सुलटपासून आणि ५६ टाक्यांना ५ सुलटपासून सुरू करा, बाकी कृती तीच.

केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी?

केस सहसा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात आणि त्या दिवसांत टाळू इतकी नाजूक होते की उशीचा अभ्राही बोचतो. म्हणून इथे ॲक्रिलिकचा हट्ट सोडायचा. मऊ सुती धागा घ्या, गोल सुईवर विणा, शिवण नको, डोक्यावर गाठ येईल असा शेंडाही नको. धागा गालाला आणि मग मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. किंचित जरी खुपला तर तो पायपुसण्याला ठेवा.

केस नसल्याने डोक्याचा घेरही कमी भरतो. टोपी ५० ते ५२ सेंमीची आणि मानेवरची कड झाकेल इतकी खोल हवी. रंगांबद्दल आमचा अंदाज साफ चुकला होता. आम्ही फिके, शांत रंग विणले. टोप्यांची परडी पुढे केली तेव्हा बायकांनी आधी उचलली ती राणी रंगाची आणि मोरपंखी. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. मे महिन्यात विदर्भातल्या घरी परत जाणाऱ्या बाईला जाड टोपी काय कामाची? तिला पातळ, हवा खेळेल अशी लागते. इथे मात्र जाळी चालते.

मोठ्या मुलांच्या टोप्या कुठे जातात?

आमच्या बऱ्याचशा ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ही कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या भागात येतात आणि मार्चपर्यंत उसाच्या पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. डिसेंबरमध्ये पहाटे उसाच्या फडात काय थंडी असते ते एकदा जाऊन बघा. आईबाप अंधारातच कामाला लागलेले असतात आणि मुलं जवळच झोपलेली. तिथे कान झाकणारी टोपीच हवी. कानटोपी. शहरात 'मंकी कॅप' म्हणून तिची टिंगल होते, पण तिथे सगळ्यात आधी तीच संपते.

चार ते दहा वर्षांच्या मुलांना ४८ ते ५० सेंमी घेर चालतो. गडद रंग घ्या. पांढरी टोपी तिथे दोन तासांत मातीच्या रंगाची होते. टोप्या नोव्हेंबरच्या आत तयार हव्यात, म्हणजे सुया मेमध्ये हातात घ्यायला लागतात. उकाड्यात मांडीवर लोकर घेऊन बसलेली बाई बघून शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत.

गोंडा, मणी, बटणं लावू का?

तीन वर्षांच्या आतल्या मुलांना नाही. गळ्याखाली बांधायच्या दोऱ्याही नाहीत. मोठ्यांच्या टोपीला गोंडा खुशाल लावा.

द्यायच्या आधी धुवायचं का? आणि साठवायचं कसं?

धुवायचंच. विणताना वस्तू सोफ्यावर, बसमध्ये, कुत्र्याशेजारी पडलेली असते. वास नसलेल्या साबणाने धुवा, सुकवा, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. वर माप लिहिलेली चिठ्ठी लावा.

आणि डांबरगोळ्या कपाटातून हद्दपार करा. ही सूचना मी दर वर्षी करते आणि दर वर्षी कुणीतरी तो वास घेऊन येतं. काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थॅलीनच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळ तसं आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. लोकर जपायला कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. ॲक्रिलिकला तर कसरच लागत नाही, मग गोळ्या कशाला?

फोटो काढू का?

तुमच्या विणकामाचा हवा तेवढा काढा. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळतो. टोपी घातलेल्या मुलाचा किंवा रुग्णाचा नको. 'त्यांनीच हो म्हटलं' हे उत्तर चालत नाही. हातात फुकट वस्तू घेतलेला माणूस नाही कसं म्हणणार?

सुईच्या नंबरांचा गोंधळ होतो.

तुमचा दोष नाही. आपल्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५. अमेरिकेत उलटं. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. लेकीने न्यू जर्सीहून आणलेल्या सुंदर लाकडी सुयांवर आमच्या एका काकूंनी नातवासाठी स्वेटर विणला. नातवाला मोठा झाला, जावयाला बसला. सुई मिलिमीटरमध्ये मोजायची सवय लावा.

मी परदेशात असते. इथे विणलेले चौकोन पाठवू का?

टपालखर्चात इथे चार ब्लँकेटची लोकर येते. तिथेच द्या. मुलांकडे सहा महिने राहायला गेलेल्या आज्यांना तर आम्ही आवर्जून सांगतो. थंडीत घरात कोंडून बसण्यापेक्षा जवळच्या वाचनालयात विणकामाचा गट असतो का ते विचारा. भाषा अडत नाही, सुलट-उलट दाखवून कळतं. फक्त माप विचारून घ्या. अमेरिकेतला 'वॉर्म अप अमेरिका' हा उपक्रम चौकोन घेत नाही, ७ बाय ९ इंचांचे आयत घेतो. आमच्याकडची एकजण २० सेंमीचे ११ चौकोन विणून बसली होती.

पुरुषांना येता येतं का?

दोघे येतात. एक निवृत्त शिक्षक, त्यांचे टाके आमच्या सगळ्यांपेक्षा सारखे असतात. दुसऱ्यांना रेल्वेतल्या नोकरीत रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून बायकोने शिकवलं होतं.

कुणी चूक दाखवली तर वाईट वाटतं.

वाटणारच. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. स्वतःसाठी विणलेल्या वस्तूतली चूक विचारल्याशिवाय दाखवायची नाही. वाटायच्या वस्तूतली दाखवायचीच, आणि तिथेच बसून दुरुस्त करू लागायचं. निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने खालपासून वर उचलत आणायला पाच मिनिटं लागतात. 'फुकटच तर द्यायचंय' हे वाक्य मात्र आमच्या चहाबरोबर मिळत नाही.

आई गेली. तिच्या कपाटात अर्धवट स्वेटर सापडलाय, सुया तशाच लावलेल्या. काय करू?

हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा येतो. घेऊन या. आधी आम्ही टाके एका दोऱ्यावर काढून ठेवतो, कारण वर्षानुवर्षं सुईवर राहिलेल्या टाक्यांवर गंजाचा डाग पडतो. मग ठरवायचं. पुरा करायचा असेल तर तुमचा हात त्यांच्यासारखा पडणार नाही, जिथे त्यांचं थांबलं आणि तुमचं सुरू झालं तिथे रेघ दिसेल. काहींना ती हवी असते. एकीने पाठीचा पूर्ण झालेला भाग तसाच बंद करून उशीला अभ्रा केला. एकीने उसवून त्याच लोकरीचे सहा चौकोन केले. उसवलेली लोकर कुरळी असते. लडी करून कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली थोडं वजन लटकवून वाळवायची, सरळ होते.

लगेच काही ठरवायचं नसेल तर दोऱ्यावरचे टाके, गुंडा आणि सुया एका पिशवीत घालून ठेवा. आईने कागदावर ओळींच्या खुणा केल्या असतील तर तो कागदही त्यातच ठेवा.